घनता चाळीस

माझ्या नवऱ्याला लोक डूम मेटलचा जनक म्हणतात. घरात त्याला कोणी काही म्हणत नाही, कारण हाक मारली तरी तो येत नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गिटारच्या तारा होतील तितक्या ढिल्या करायच्या, आवाज होईल तितका जाड करायचा आणि मग अंगात ताप असल्यासारखं सावकाश वाजवायचं. गाण्यात सगळं बुडत तरी असतं, कुजत तरी असतं किंवा कायमचं संपत असतं. ऐकणारे काळे कपडे घालून, डोळे मिटून माना हलवतात आणि घरी जाताना त्यांना फार हलकं वाटतं. मला यात काही गैर दिसत नाही. माणसं याहून वाईट गोष्टी करून बरं वाटून घेतात.

या सगळ्याचा पाया म्हणून 'घनता चाळीस' नावाच्या अल्बमचं नाव घेतात. माझ्या नवऱ्याच्या बँडचा तो पहिला अल्बम. दुसराही निघाला होता, पण त्याचा विषय आमच्या घरात काढत नाहीत. पहिल्यावर मात्र प्रबंध लिहिले गेलेत. एका अभ्यासकाने पानंच्या पानं भरून सिद्ध केलंय की माणसाला स्वतःचं वजन पहिल्यांदा कळतं ते वय म्हणजे चाळीस. नवऱ्याने ते वाचून गंभीरपणे मान डोलावली. अभ्यासकाचं मी समजू शकते, त्या बिचाऱ्याचं पोट त्यावर आहे. याने मान कशाला डोलवावी? चाळीस हा फोमचा आकडा आहे. माझ्या वडिलांचा सोफ्यांचा कारखाना होता. तिथे फोमच्या लाद्या यायच्या आणि प्रत्येक लादीवर निळ्या शाईत छापलेलं असायचं, घनता चाळीस. बसायच्या गादीला तोच फोम लागतो. त्याहून हलका घेतला की वर्षभरात गादी खाली बसते आणि गिऱ्हाईक दारात उभं राहतं.

बँडला वाजवायला जागा नव्हती. वडिलांनी कारखान्यामागची कोठीची खोली दिली. चारही भिंतींना छतापर्यंत फोम रचलेला, कोपऱ्यात काथ्याचे गठ्ठे. त्या खोलीत शिंकलं तरी आवाज पोत्यात बांधल्यासारखा यायचा. आता त्याला 'थडग्याच्या आतला नाद' म्हणतात. काथ्याच्या धुळीने माझ्या नवऱ्याचा घसा कायम बसलेला असायचा आणि तो तसाच गायचा. त्याला म्हणे जखमी श्वापदाचा स्वर म्हणतात. मी त्याला तेव्हा रोज मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावत होते, आणि तिथूनच आमचं जमलं. खोली फुकट मिळाली, वर मीही मिळाले. अल्बमच्या मुखपृष्ठावर जे काळं, खड्ड्याखड्ड्यांचं, ओसाड असं काहीतरी दिसतं आणि जे कित्येकांनी दंडावर गोंदवून घेतलंय, ती आमच्याकडच्या रेक्झिनच्या सोफ्याची पाठ आहे. खड्डे बटणांचे आहेत.

राहिला तो संथपणा. त्याचं सगळं श्रेय माझ्या दादाला जातं.

वडिलांनी खोली देताना अट घातली होती. "आमच्या मोठ्याला तुमच्यात घ्या. दिवसभर तोंड उघडत नाही. चार पोरांत मिसळला तर बरं." बँडकडे जुना ड्रमसेट होता आणि वाजवायला कोणी नव्हतं, त्यामुळे पडत्या फळाची आज्ञा समजून त्यांनी दादाला घेतलं. दादा लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली शिकलेला. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की खिळा मारण्याआधी थांबायचं. कातडं ओढून धरायचं, नीट बघायचं, खात्री झाली की मगच हातोडी उचलायची. लाकडातली चूक पुट्टी भरून झाकता येते. कातड्याला एकदा पडलेलं भोक जन्मभर राहतं. दादा हा धडा इतका शिकला होता की जेवतानाही घास तोंडापाशी नेऊन क्षणभर थांबायचा.

ड्रमही त्याने तसेच वाजवले. काठी वर उचलायची, थांबायचं, बघायचं, खात्री करायची आणि मग मारायची. त्याचा एकही ठोका चुकीचा नसायचा, फक्त वेळेवर नसायचा. बाकीच्यांना खरं तर नाचाची गाणी वाजवायची होती, लोक टेबलांवर चढतील अशी. पण नवऱ्याने गिटारचा सूर छेडला की दादाचं घोडं वरातीमागून यायचं. तोवर करणार काय? हात तसाच ठेवून सूर घुमू द्यायचा. तो लांबच लांब घुमणारा सूर म्हणजेच पुढे डूम मेटल. अल्बममधल्या तिसऱ्या गाण्यात एका ठोक्याआधी कोणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकलेला ऐकू येतो. 'अस्तित्वाचा उसासा' या नावाने तो प्रसिद्ध आहे. तो आमच्या बासवाल्याचा, म्हणजे बास गिटार वाजवणाऱ्याचा आहे. तो तेव्हा दातांच्या कॉलेजात शिकत होता, त्याची शेवटची बस जायची वेळ झाली होती.

अल्बम निघाला आणि पडला. कोणी विकत घेतला नाही, आणि ज्या मोजक्यांनी ऐकला त्यांना वाटलं टेपच बिघडलीय. खापर दादावर फुटलं. माझ्या नवऱ्याने वडिलांकरवी निरोप पाठवला की उद्यापासून दादाने यायची गरज नाही. दादा "बरं" म्हणाला आणि काम करायला बसला. मग एक वाऱ्यासारखा वाजवणारा ड्रमर आणला, टेबलांवर चढायची गाणी केली, टेबलांवर कोणी चढलं नाही आणि बँड मोडला. नवरा शाळेत शिक्षक झाला, बासवाला दंतवैद्य झाला.

आणि नंतर बरीच वर्षं गेल्यावर, कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या पोरांच्या हाती ती जुनी कॅसेट लागली. त्यांना वाटलं हे मुद्दामच केलंय. त्यांनी स्वतःची गाणी हळू केली, त्यांचं ऐकून आणखी दहाजणांनी केली, आणि बघता बघता माझा नवरा जनक झाला. पहिल्या मुलाखतीत त्याला विचारलं, तो ड्रमर कुठे आहे? "हळू वाजवतो म्हणून काढून टाकला" असं सांगायची आता सोय राहिली नव्हती. नवरा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसला आणि म्हणाला, "तो अंधारात निघून गेला."

झालं. एकाने लिहिलं, त्याने संन्यास घेतला. दुसऱ्याने लिहिलं, वेड्यांच्या इस्पितळात आहे. तिसऱ्याने त्याला सरळ मारूनच टाकलं, आणि चाहते कुठल्याशा पुलावर त्याच्यासाठी मेणबत्त्या लावायला लागले. दादा आमच्या मागच्या गल्लीत सोफे करत होता. आम्ही त्याच्यापासून हे काही लपवलं नव्हतं. त्याने विचारलं नाही, आणि आमच्या घरात विचारल्याशिवाय कोणी काही सांगत नाही.

यंदा एक आयोजक घरी आला. काळे कपडे, काळा चष्मा, आणि माझ्या बसक्या खुर्चीवर पांढऱ्या मांजराचे केस होते ते सगळे त्याला चिकटले. त्याला तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्या सभागृहात व्हायला हवा होता. नवरा तयार, दंतवैद्य तयार. "फक्त ते स्वर्गवासी असल्यामुळे..." आयोजक खालच्या आवाजात म्हणाला.

"कोण स्वर्गवासी?" मी चहा ठेवत विचारलं. "मागच्या गल्लीत आहे. या वेळी कारखान्यातच असेल, बोलावू का?"

नवऱ्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. आयोजकाने चष्मा काढला. पण धंद्यातला माणूस, लगेच सावरला. मेलेल्यापेक्षा परत आलेल्याची तिकिटं जास्त खपतात हे त्याला माझ्याआधी कळलं.

दादाला विचारायला मीच गेले. तो म्हणाला, "मला घेतील?" मी म्हटलं, "हवाच आहेस." त्याने हात धुतले, रुमालाने नीट पुसले, परत धुतले. साठीला आलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला होता.

पहिल्या तालमीला मी मुद्दाम गेले. शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये ड्रमसेट मांडला होता. दादा बसला, काठ्या उचलल्या, आम्ही सगळे सवयीने थांबायच्या तयारीत. आणि तो थांबलाच नाही. असा काही वाजवायला लागला की खिडकीच्या काचा थरथरल्या. हात दिसेनासे झाले. एक ठोका संपायच्या आत दुसरा, त्याच्या पोटातून तिसरा, आणि सगळे साफ, मोजून मारल्यासारखे. थांबला तेव्हा त्याच्या कपाळावर घामसुद्धा नव्हता.

"रोज दुपारी जेवण झालं की गाद्यांवर वाजवतो," तो म्हणाला. "यांनी काढलं तेव्हापासून. गादीवर आवाज होत नाही, शेजाऱ्यांना त्रास नको. आता तुम्हाला माझ्यासाठी थांबावं लागणार नाही."

 आमच्या घरात इतकं चांगलं कधी कोणाला काही आलं नव्हतं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि बाकीच्यांचे चेहरे बघून खाली घेतले. दंतवैद्याने तर एक्सरे बघताना करतो तसं तोंड केलं होतं.

आयोजकाने दुसऱ्याच दिवशी फोनवर स्पष्ट सांगितलं. लोक लांबलांबून येणार ते त्या थांबण्यासाठीच. एक ड्रमर त्याच्या ओळखीत आहे, त्याने दादाचा प्रत्येक विराम मोजून पाठ केलाय, त्यावर तो वर्गही घेतो. तुमच्या माणसाला मूळ पद्धतीने वाजवता येत नसेल तर त्याला पुष्पगुच्छ देऊन पुढच्या रांगेत बसवू आणि त्या तज्ज्ञाला स्टेजवर घेऊ.

"तू सांग त्याला," नवरा मला म्हणाला. "तुझा भाऊ आहे."

"आणि तुझा कोण? तेव्हा माझ्या बाबांच्या तोंडून काढलंस, आता माझ्या तोंडून काढ. तुझं स्वतःचं तोंड फक्त मुलाखतींना आहे का?"

तो गप्प बसला. गप्प बसण्यात तो खरोखरच जनक आहे. शेवटी मीच गेले, कारण तो गेला असता तर अंधार-बिंधार काहीतरी बोलून आला असता.

दादा एका मोठ्या खुर्चीच्या पाठीला बटणं लावत होता. दोन्ही ओठांत चुका, म्हणजे आमचे बारीक खिळे, धरलेल्या. मी समोरच्या फोमच्या थप्पीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. अल्बमचं नाव कसं झालं, पोरं कशी हळू वाजवायला लागली, विराम मोजणारा तज्ज्ञ, वर्ग, उसासा, पुलावरच्या मेणबत्त्या. मेणबत्त्यांना तो जरासा हसला. मग मी म्हटलं, "त्यांना तू तेव्हा वाजवायचास तसाच हवा आहेस, दादा. हळू."

त्याने ओठांतल्या चुका एकेक करून काढल्या आणि डबीत टाकल्या.

"म्हणजे तेव्हा मी बरोबर वाजवत होतो?"

"लोक तसंच म्हणतात."

"मग मला काढलं का?"

 इतकी वर्षं मी या माणसाच्या ताटात वाढलंय, भांडलेय, त्याच्या गुडघ्याला तेल लावलंय, आणि त्याच्या मनात हा प्रश्नच नाही असं धरून चालले होते. त्याला वाटत आलं होतं की तो कमी पडला. म्हणून रोज दुपारी, कोणी बघत नसताना, कोणी बोलावणार नाही हे माहीत असताना, तो गाद्या बडवत बसला होता. मी घरी आले आणि नवऱ्याला एक शब्दही बोलू न देता चपला घालायला लावल्या.

नवऱ्याने वाटेत दंतवैद्याला सोबत घेतलं, कारण एकट्याने जायची हिंमत नव्हती. कारखान्यात आल्यावर तो समोर दिसलेल्या सोफ्यावर बसायला गेला. "तिथे नको, गादी नाही अजून, नुसत्या पट्ट्या मारल्यात," दादा म्हणाला. मग दोघं उभेच राहिले.

"त्याचं असं आहे," नवऱ्याने सुरुवात केली, "तो एका अर्थी काळाचा निर्णय होता."

"काळाने निरोप पाठवला नव्हता," मी म्हटलं. "तू पाठवला होतास."

दंतवैद्य खाली बघत पुटपुटला, "आता उपटून टाक रे, जास्त दुखणार नाही."

 नवऱ्याने मुलाखतीतला आवाज सोडला. "आम्ही पडलो ना, तेव्हा कोणाच्या तरी माथी मारायचं होतं. तू काही बोलला नसतास. म्हणून तुझ्या माथी मारलं. आणि मला तुझी लाज वाटायची. लोकांसमोर मी सूर धरून उभा, आणि तू काठी वर करून बसलेला."

मला वाटलं दादा आता काहीतरी बोलेल. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं, मीच दोन शब्द पुढे केले असते. तो म्हणाला, "बरं. हळू वाजवतो." आणि परत चुका ओठांत धरल्या.

आठवडाभर तालमी झाल्या. सवय मोडायला त्याला फार जड गेलं. हात आपसूक पुढे धावायचे आणि तो त्यांना लगाम घालून मागे खेचायचा. तज्ज्ञाला शिकवायला बोलावलं होतं. तो दादाच्या पाठीशी उभा राहून दादाला सांगायचा की दादा इथे कसा थांबला होता. दादा मान हलवून शिकून घ्यायचा. मी एकदा त्या तज्ज्ञाला चहा द्यायला मुद्दाम विसरले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह काळ्या कपड्यांनी भरून गेलं होतं. माझ्या शेजारी अभ्यासक, हातात वही. दादाला काळा झगा घालायला सांगितलं होतं, त्याने तो घातला आणि खाली कामावरच्या चपला तशाच ठेवल्या. पहिलं गाणं सुरू झालं. नवऱ्याने सूर छेडला, दादाने काठी वर उचलली आणि धरून ठेवली. सगळं सभागृह श्वास रोखून थांबलं. ठोका पडला तेव्हा माझ्यामागे एक दांडगा दाढीवाला हुंदके देऊन रडला. असंच एकामागून एक गाणं झालं. अभ्यासक सारखं "अहाहा" करत होता. मी दादाचे खांदे बघत होते. ते प्रत्येक ठोक्याआधी कडक व्हायचे. सगळं सभागृह त्याचं कौतुक करत होतं, आणि ज्या गोष्टीसाठी करत होतं ती विसरायला त्याने निम्मं आयुष्य घालवलं होतं. मला एकटीला ते बघवत नव्हतं.

शेवटच्या गाण्याआधी नवऱ्याने माइक हातात घेतला. गाण्याचं नाव 'उठवत नाही'. मृत्यूवरचं चिंतन समजतात. ते त्याने परीक्षेच्या सकाळी लिहिलं होतं. "आणि ड्रमवर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अंधारातून परत आलेला..."

दादाच्या शेजारीही एक माइक होता. तो त्यात वाकून म्हणाला, "मी इथेच होतो. मागच्या गल्लीत. सोफे करतो."

लोक खो खो हसले. अभ्यासकाने वहीत लिहिलं, काळा विनोद. नवरा हसला नाही. तो वळून दादाकडे बघत राहिला, मग माइक खाली केला आणि सूर छेडला.

दादाने काठी उचलली आणि थांबला नाही. शाळेच्या हॉलमध्ये ऐकलं होतं त्याच्या दुप्पट. कडक झालेले खांदे सुटले, झगा मागे सरकला, आणि सगळ्या दुपारी एकदम बाहेर पडल्या. बासवाला दोन-चार फेऱ्यांत गळाला. नवऱ्याने दादाला गाठायची फार धडपड केली. बोटं घसरली, सूर हुकला, पुन्हा पकडला, पुन्हा हुकला. शेवटी त्याने हात खाली सोडला, लोकांकडे पाठ केली आणि नुसता उभा राहून बघत बसला. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी शिट्टी मारली, कोणी "थांबवा" म्हणून ओरडलं. दाढीवाला उठून निघून गेला. अभ्यासकाने वही मिटली. दादा थांबला तशी मी उभी राहिले आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. सगळ्या सभागृहात तेवढाच आवाज होता.

मी स्टेजमागे पोचले तेव्हा आयोजक कोणाला तरी फोनवर सांगत होता की कार्यक्रमाच्या रेकॉर्डवर शेवटचं गाणं घ्यायचं नाही. दादा घामाने निथळत एका खोक्यावर बसला होता, चेहरा पडलेला. नवरा आत आला तसा तो धडपडत उठला.

"तू मध्येच थांबलास," दादा म्हणाला. "माझं काही चुकलं का रे?"

"नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच काथ्याविना निघाला. "मला तितकं भरभर येत नाही."

 दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"येईल," तो म्हणाला. "दुपारी कारखान्यात येत जा. लागतो एखाद्याला वेळ."

मी भिंतीकडे तोंड करून रडले. एवढंच तर म्हणायला हवं होतं तेव्हा दादाला कोणीतरी.